खुरासणीकडची पेटी

चमचा डब्यात घातला तर तो बुडेना. थोडा आत गेला आणि रुतून बसला. मी हात काढून घेतला तरी चमचा मधात ताठ उभाच. टेबलापलीकडे चंद्राबाई ढेबे डोक्यावरची चुंबळ काढून हातात चुरत उभी होती. तिने चमच्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघितलं. मला तेवढं पुरलं.

"मध गोठलाय, कणी धरलीय," मी म्हणालो.

"व्हय सायेब, थंडी पडली तशी धरली," ती म्हणाली. "ह्यो खुरासणीकडच्या पेटीचा. दुसरा डबा उघडा, त्यो पातळ हाय."

दुसरा डबा उघडला. तो खरोखरच पातळ होता, गडद, चमच्यावरून एकसारखी तार सुटणारा. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चला, एक तरी चांगला निघाला. मी मनात म्हणालो, बाई पोचलेली आहे. खोट्या डब्यावर पांघरूण घालायला एक खरा घेऊन आली आहे.

ही गोष्ट ब्याऐंशी सालच्या डिसेंबरातली. जावळीच्या खोऱ्यात आमची मधपाळांची सोसायटी होती आणि मी, विलास शेडगे, तिचा कारकून आणि परीक्षक. सोसायटी लोकांना मधमाश्यांच्या पेट्या वापरायला द्यायची. लोक त्या रानात, बांधाला ठेवायचे, माश्या सांभाळायचे आणि मध डब्यात भरून आमच्याकडे आणायचे. पेट्या मात्र सोसायटीच्या मालकीच्या. मधात भेसळ सापडली तर पेट्या काढून घ्यायच्या आणि त्या माणसाला पुन्हा कधी द्यायच्या नाहीत, असा नियम होता. भेसळ आहे की नाही, हे ठरवायचं काम माझ्या जिभेकडे होतं.

या जिभेची हकीकत सांगायलाच हवी. आदल्या वर्षापर्यंत तिला कोणी विचारत नव्हतं. आदल्या वर्षी धोंडू सकपाळच्या डब्यात अशीच कणी दिसली. मी चमचा चाटला, डोळे मिटले आणि म्हणालो, "धोंडू, साखर कालवलीस." खरं सांगतो, जिभेला काहीसुद्धा कळलं नव्हतं. धोंडूच्या कपाळावर घाम होता, आणि मध गोठला म्हणजे त्यात साखर असते हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. एवढ्या भांडवलावर मी बोललो. आणि धोंडू मटकन खाली बसला. "चुकलं सायेब" म्हणाला. कमिटीपुढे हात जोडून त्याने भेसळ कबूल केली आणि त्याच्या पेट्या गेल्या.

त्या दिवसापासून खोऱ्यात माझ्या जिभेचा बोलबाला झाला. चेअरमन बाबूराव शेलार पाहुण्यांना माझी ओळख "ही आमची प्रयोगशाळा" अशी करून द्यायचे. धोंडूचा तो डबा मी कपाटात ठेवून दिला होता. कोणी आलं की काढून दाखवायचो आणि सगळी कथा पहिल्यापासून सांगायचो. आज मी पंचाहत्तरी ओलांडली आहे, तरी घरात मध आला की सून बाटली माझ्यापुढे धरते आणि विचारते, "बाबा, बघता का?" मी नाही म्हणतो. का नाही म्हणतो, ते तिला अजून सांगितलेलं नाही.

तर चंद्राबाई. चाळिशीची, उंच, काटक बाई. नवरा मुंबईत माथाडी, होळीला आणि गणपतीला यायचा. वरच्या वाडीत ती आणि सासू, दोघीच राहायच्या. सोसायटीच्या यादीत बाईमाणसाचं नाव तेवढं एकच होतं. दोन पेट्या तिने तीन वर्षं पोटच्या पोरीसारख्या सांभाळल्या होत्या. घर, शेत, भांडी सगळं सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर, या दोन पेट्या तेवढ्या तिच्या नावावर. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असून मी वहीत तिच्या नावापुढे लाल पेन्सिलीने फुली मारली.

मग माझा तपास सुरू झाला. बाजारपेठेत वाण्याकडे चौकशी केली, तर बाईने गेल्या महिन्यात दहा किलो साखर नेलेली. मी तिला परत बोलावून विचारलं. ती म्हणाली, नणंदेचं लगीन होतं. उत्तर इतक्या पटकन आलं की मला ते पाठ करून ठेवलेलं वाटलं. मग विचारलं, मध काढताना शेजारी कोण होतं? ती जरा विचारात पडली. आता उत्तराला वेळ लागला, म्हणजे ही बनवून सांगणार, असं मी धरलं. मधाचा थेंब पाण्यात सोडला, तो न विरघळता तळाला गेला. टीपकागदावर ठेवला, तो पसरला नाही. मधात बुडवलेली काडी पेटली. तिन्ही परीक्षांत तिचा मध उतरला, आणि त्यावरून मी काय अनुमान काढलं असेल? की परीक्षेतून सुटेल अशी भेसळ कशी करायची, हे बाईला नेमकं माहीत आहे. बोलली तर बोलघेवडी, गप्प राहिली तर आतल्या गाठीची. तिने काय केलं असतं म्हणजे मला ती खरी वाटली असती, ते आजही सांगता येत नाही.

तिने चुंबळ टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

"सायेब, असं बगा. मध काढणारा हात एकच. डबं एकाच दिवशी धुतल्यालं. यंत्र तुमच्याच सोसायटीचं. मंग एका डब्याला कणी धरली आन् एकाला न्हाई, ती का? दोन्हीत फरक एकच हाय. एक पेटी खुरासणीच्या वावराकडंला हाय, दुसरी वर रानात जांभळीखाली."

खुरासणी म्हणजे कारळा, जिची आपण चटणी खातो ती. आमच्याकडे डोंगरउतारावर तिची वावरं असतात आणि दसऱ्याच्या सुमाराला ती पिवळीधमक फुलतात. मी म्हणालो, फुलाचा आणि कणीचा काय संबंध? तुम्ही माश्यांना साखरेचा पाक पाजला असेल.

"पाजायचा तर दोन्हीकडच्यांना पाजला असता की. एकीलाच का पाजीन?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणूनच मला तिचा राग आला. ती पुढे म्हणाली, वर चला, तासाभराची वाट आहे. पेटीत अजून माश्यांनी मेणानं बंद केलेलं पोळं आहे. खुरासणीकडच्या पेटीतलं उघडून बघा, जांभळीखालच्या पेटीतलं उघडून बघा. एकात कणी असेल, एकात नसेल. तसं नसलं तर पेट्या घेऊनच खाली उतरा.

"मला बघायची गरज नाही," मी म्हणालो. "माझी खात्री आहे."

"खात्री हाय ती दिसतीय सायेब. ती कशावरनं हाय, त्येवढं सांगा."

मी वही मिटली आणि शिपायाला हाक मारली.

कमिटीची बैठक त्याच आठवड्यात झाली. चंद्राबाईने तिथेही तेच सांगितलं, त्याच क्रमाने, आवाज न चढवता. सभासदांपैकी दोघांनी माना हलवल्या. बाबूराव तसा न्यायी माणूस. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले की नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवू, महिनाभराने का होईना, निकाल तर कळेल. मला ते फार लागलं. वर्षभर ज्या माणसाने मला प्रयोगशाळा म्हणून मिरवलं, तोच आता दुसरी प्रयोगशाळा शोधत होता. मी म्हणालो, "धोंडूच्या वेळी पाठवला होता का नमुना?" सगळे हसले. धोंडूचं नाव निघालं आणि बैठकीचा रंगच पालटला.

"नक्की ना, शेडगे?" बाबूरावांनी शेवटचं विचारलं.

"शंभर टक्के," मी म्हणालो.

चंद्राबाई उठली. दाराशी जाऊन तिने पायात वहाणा घातल्या, आणि माझ्याकडे नाही, बाबूरावांकडे बघून म्हणाली, "ह्यांनी दोन डबं बगितलं आन् माझं त्वांड बगितलं. पेटी कुनीच बगितली न्हाई." एवढं बोलून ती गेली.

पेटी हलवायची ती दिवस मावळल्यावर, बाहेर गेलेल्या माश्या घरी परतल्या म्हणजे. हे खोऱ्यातल्या लहान पोरालाही कळतं. मी दोन माणसं सकाळी दहाला पाठवली, कारण कचेरीची वेळ दहाची. त्यांनी पेट्या उचलून आणल्या. फुलांवर गेलेल्या माश्या मागे राहिल्या. माणसांनी येऊन सांगितलं की बाई एका शब्दाने आडवी आली नाही, पण पेट्या उचलल्यावर त्यांच्याखालच्या रिकाम्या दगडांवर माश्या घोंघावत राहिल्या, तेव्हा तिथेच खाली बसून रडली. मी म्हणालो, पकडली गेली की रडतातच. पेट्या कचेरीमागच्या आवारात सोसायटीच्या इतर पेट्यांच्या ओळीला लावल्या. माझ्या टेबलापासून ती जागा वीस पावलांवर होती.

पंधरा दिवसांनी वाईहून येताना गाडी घाटात बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून बसला आणि आम्ही उतारू वळणावरच्या चहाच्या टपरीवर गेलो. टपरी धोंडू सकपाळची निघाली. मला परत फिरायचं होतं, पण त्याने ओळखलं होतं. त्याने फडक्याने बाकडं पुसलं आणि चहा पुढे ठेवला. मला वाटलं, आता हा काहीतरी खवचट बोलणार. चहासुद्धा मी आधी हुंगून बघितला.

"चंद्राबाईची पेटी काढली म्हनं," तो म्हणाला. "कशावरनं वो?"

"कणी धरली होती. तुझ्या डब्याला धरली होती तशी."

धोंडू हसायला लागला. हसता हसता त्याने किटली खाली ठेवली.

"सायेब, आता मला काय भ्या? सांगून टाकतो. तुमी धरलात त्यो डबा चोख हुता."

"मग कबूल का झालास?"

"चोर हुतो म्हनून झालो. त्याच म्हयन्यात तीन डबं काकवी घालून दिलं तुमाला. जांभळीचा मध काळा, काकवी काळी, कुनाला काय कळतंय. तुमी चाटलंत, डोळं मिटलंत आन् म्हनालात, धोंडू, मध असा पायजे. चौथ्याला धरलंत तवा मला वाटलं, ह्यास्नी समदं कळलंय. घरी गेल्यावर ध्यानात आलं. चौथा डबा खुरासणीतला, घरी खायला ठिवल्याला. गडबडीत त्योच आनला हुता."

मी म्हणालो, तू आता काहीही सांगशील. माझी बदनामी झाली तर तुला हवीच आहे.

"माझ्या शब्दावर जाऊ नगा," धोंडू म्हणाला. त्याचा सूर आता थट्टेचा नव्हता. "ज्येच्यात काकवी न्हाई त्या डब्याच्या बुडाला मी चुन्याचं बोट वढायचो, घरात गफलत हू नये म्हनून. डबा हाय न्हवं तुमच्या कपाटात? उलटा करून बगा. आन् काकवीला कवा कणी धरल्याली बगितलीय का तुमी? माझी काकवी वरीसभर पातळ राह्यची. म्हनून तर घालायचो."

गाडी सुरू झाली. वाटेत मी मनाशी घोकत होतो की धोंडू खोटारडा आहे, त्याने कमिटीपुढे कबुली दिलेली आहे, खोटारड्याच्या बोलण्याला काय अर्थ? पण कबुली दिली तेव्हाही तो हाच माणूस होता, आणि ती कबुली मी वर्षभर दागिन्यासारखी अंगावर घालून फिरत होतो. कचेरीत गेलो तो सरळ कपाटाशी. डबा शंभरदा तरी हातात घेतला असेल. उलटा एकदाही केला नव्हता. बुडाला पांढरं बोट ओढलेलं होतं. जुनी वही काढली. त्याच महिन्यात, माझ्याच अक्षरात, धोंडू सकपाळ, तीन डबे, प्रत पहिली.

तरीही हे सगळं धोंडूच्या तोंडचं होतं. मी मागच्या दाराने आवारात गेलो. खुरासणीकडच्या पेटीवर चंद्राबाईने कोळशाने एक फूल काढलेलं होतं, त्यावरून ती ओळखू आली. झाकण उघडलं. आत एक माशी नव्हती. अर्ध्याअधिक माश्या वर डोंगरात राहिलेल्या, उरल्या त्या कधीतरी उठून गेलेल्या. पोळ्याच्या चौकटींना किड्याची जाळी लागायला सुरुवात झाली होती. एका कोपऱ्यात चार बोटं पोळं अजून मेणाने बंद होतं. मी नखाने मेण खरवडलं. आत मध नव्हता वाहत. पांढरट, बारीक कणी होती, घराघरात ठासून भरलेली.

तिथेच पालथ्या घमेल्यावर बसलो. लाज वाटली हे तर आहेच, पण त्याहून जास्त भीती वाटली. या जिभेने अजून किती जणांचं काय काय ठरवलं असेल, हे मोजायलाही माझ्याकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी डोंगर चढून वरच्या वाडीला गेलो. चंद्राबाई अंगणात नाचणी पाखडत होती, सासू उन्हाला बसली होती. मला बघून चंद्राबाईने सूप खाली ठेवलं नाही. मी वाटेत जुळवलेलं सगळं बोललो. माझी चूक झाली, कमिटीला सांगतो, पेट्या परत देववतो, आता माझी पक्की खात्री आहे की तुमच्या मधात काहीही नव्हतं.

"खात्री तवाबी पक्कीच हुती," ती म्हणाली. सूप हलत राहिलं. "आता काय बगितलंत त्ये सांगा."

मी सांगितलं. धोंडूचा डबा, चुन्याचं बोट, वहीतली नोंद. मग पेटी, मेण खरवडलं ते, आतली कणी. सूप थांबलं.

"माश्या?" तिने विचारलं.

"गेल्या."

सासूने तोंडाला पदर लावला. मग चंद्राबाई म्हणाली, "आन् दुसरी पेटी?"

"ती बघायची राहिली," मी म्हणालो. दुसरी पेटी मी उघडलीच नव्हती. पहिलीतली कणी बघितली आणि माझं समाधान झालं होतं. मागे एका कणीवरून ती चोर ठरली, आता एका कणीवरून खरी ठरली. दोन्ही वेळा मी एकच बाजू बघून थांबलो होतो.

"दुसरीतबी कणी निगाली तर?" ती म्हणाली. "मंग फुलाचा काय संबंध न्हाई. मंग काय तरी माझ्या हाताखालनंच गेलं म्हनायचं. जावा, ती बगून या. मंग बोलू."

पाणी प्यायलाही ती म्हणाली नाही, आणि मी मागितलं नाही. तसाच उतरलो. पंधरा दिवस वीस पावलांवर असलेली वस्तू बघायला मी तासभर डोंगर उतरत होतो, आणि सबंध वाटेत माझं मन मला सांगत होतं की उघडायची काही गरज नाही, पातळच असणार.

दुसरी पेटी उघडली तेव्हा दुपार टळली होती. झाकण उचललं आणि आतून आवाज आला. एक माशी माझ्या मनगटाला डसली. हात झटकायचंही सुचलं नाही, इतका मी हरखलो. आवारात माश्या रोज दिसायच्या, पण त्या सोसायटीच्या इतर पेट्यांतल्या असतील असं मी धरून चाललो होतो. चौकटी एकेक करून वर काढल्या. चार चौकटींवर माश्या होत्या, तिसरीवर राणी माशी चालताना दिसली. वरच्या कोपऱ्यातलं बंद पोळं टोचलं तर गडद पातळ मध बोटावर उतरला. कणी नव्हती. मग खात्रीसाठी नाही, आता नुसतं बघायचं म्हणून, आणखी दोन ठिकाणी टोचलं. तिथेही नव्हती.

संध्याकाळी बाबूरावांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पण शेडगे, धोंडूचं तर बरोबर निघालं होतं ना? चोर तो होताच."

"चोर होता," मी म्हणालो. "पण मला ते माहीत नव्हतं."

त्यांना ते लगेच उमगलं नसावं. पण चंद्राबाईच्या पेट्या परत करायचा कागद त्यांनी तिथल्या तिथे लिहून सही केली, आणि इथून पुढे शंका आली तर नमुना पुण्याला जाईल, असंही खाली लिहिलं. ते माझ्याच सांगण्यावरून.

आवारात परतलो तेव्हा माश्या घरी आल्या होत्या. त्या दुसऱ्या पेटीचं दार ओल्या फडक्याने बंद केलं. पहाटे उजाडायच्या बेताला चुंबळ करून पेटी डोक्यावर घेतली आणि चढायला लागलो. शिपाई मी नेतो म्हणाला, त्याला नको म्हटलं. कारकुनी मानेला सवय कुठली? दर शंभर पावलांवर थांबावं लागत होतं. वाटेत भेटलेल्या दोघांनी विचारलं, काय साहेब, आज तुम्ही? मी हसून वेळ मारून नेली.

चंद्राबाई दारातच उभी होती. मी पेटी जांभळीखाली नेऊन तिच्या नेहमीच्या दगडावर ठेवली. ती मागोमाग आली, गुडघ्यावर बसली आणि पेटीला कान लावला. पुष्कळ वेळ तशीच राहिली.

"मध?" तिने विचारलं.

"पातळ. तीन जागी टोचून बघितला."

"माश्या किती चौकटींवर?"

"चार."

"मोजल्या?"

"मोजल्या."

मग तिने पेटीच्या दारातलं फडकं काढलं.